आक्काचं सुतक

"किती वाजले गं?" असं म्हणत नलूवहिनींनी पडवीतल्या घड्याळाकडे मान वर केली, आणि हातातली कपबशी तिथेच सोडून दिली.

कप फुटला, बशी फुटली, चहा मामंजींच्या धोतरावर उडाला. नलूवहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. दिवाळीसाठी मोठ्या भावजींबरोबर मिरजेहून आल्या होत्या, आणि आदल्या दिवशी पोचेपर्यंत तिन्हीसांज होऊन गेल्यामुळे त्यांनी आमचं घड्याळ नीट पाहिलं नव्हतं.

बाहेरून ते घड्याळच होतं. लांबट सागवानी पेटी, वर कोरीव तुरा, पुढे काचेचं दार. आतलं यंत्र मात्र दीड वर्षापूर्वी मामंजींनी काढून टाकलं होतं, आणि जिथे लंबक हलायचा तिथे जांभळीच्या पोकळ फांदीचा हातभर तुकडा उभा करून ठेवला होता. त्या तुकड्यावर आठही पाय पसरून आक्का बसली होती.

आक्का म्हणजे कोळीण. माझ्या पंज्याएवढी, केसाळ, अंगावर झाडाच्या सालीसारखी करडी-पांढरी नक्षी. रागावली की पुढचे पाय उचलायची, तेव्हा खालून हळदीसारखे पिवळे पट्टे दिसायचे. माझ्या पुतणीची मुलगी प्राणिशास्त्र शिकते, ती परवा सांगत होती की याला टॅरंटुला म्हणतात, झाडावर राहणारा, आणि परदेशात लोक हौसेनं पाळतात. मी म्हटलं, परदेशाचं मला सांगू नकोस. मी दीड वर्ष तिच्यासाठी नाकतोडे धरलेत.

"मामंजी," नलूवहिनी म्हणाल्या, "हे काय आहे?"

"आक्का," मामंजी धोतर झटकत म्हणाले. "घाबरू नकोस. ती काचेच्या आत आहे. कप फुटायचं काही कारण नव्हतं."

"चावते का?"

"चावली तर दोन दिवस हात ठणकतो. माणूस मरत नाही."

हे ते सगळ्यांना असंच सांगत, जणू काही त्यामुळे माणसाला धीर येतो.

मोठे भावजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, आक्काकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, "हं, बघू," म्हणाले आणि पेपर परत वर केला. रेल्वेत इतकी वर्षं नोकरी केली त्यांनी, पण घरात त्यांच्याकडून 'बघू'च्या पुढे गाडी कधी गेली नाही.

माझं मात्र सगळं नलूवहिनींवर अवलंबून होतं.

सालही सांगते, १९६६. आमचं गाव घाटमाथ्यावर, सावंतवाडीहून बेळगावला जाणाऱ्या रस्त्यालगत. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि मामंजी. मामंजी फॉरेस्टात छत्तीस वर्षं नोकरी करून घरी बसलेले, आणि घरी बसणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी ग्रामसेविकेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता आणि ऑक्टोबरात मला जागा मिळाल्याचं पत्र आलं. कोल्हापूरला एक वर्ष, वसतिगृहात राहून. एक डिसेंबरला दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. वयाची अट तिशीची होती, आणि मला तिसावं संपत आलं होतं. म्हणजे ही गाडी चुकली की दुसरी नव्हती.

मामंजींना एकटं ठेवता येत नव्हतं. त्यांना अधूनमधून घेरी यायची. पावसाळ्यात विहिरीच्या काठाशी पडले होते, थोडक्यात वाचले. नलूवहिनी वर्षभर त्यांना मिरजेला ठेवून घ्यायला कबूल झाल्या होत्या. पत्रात आक्काचा उल्लेख करायला मी विसरले होते. खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

"मालिनी," स्वयंपाकघरात येऊन नलूवहिनी म्हणाल्या, "मामंजींना मी ठेवून घेईन. शब्द दिलाय तर पाळीन. त्यांचं पथ्य, त्यांचं काढ्याचं, सगळं करीन. पण ते ध्यान माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर आमचं. मी झोपायचं कुठे, स्टेशनवर?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं.

मामंजींनी ते पडवीतून ऐकलं होतं. जेवायच्या वेळी, सगळे पाटावर बसलेले असताना, त्यांनी भाताला हात लावायच्या आधीच जाहीर केलं, "मीही सांगून ठेवतो. आक्का जिवंत असेपर्यंत मी तिला टाकून कुठेही जाणार नाही. माझाही शब्द आहे."

"अहो, पण मालिनीचं..." नलूवहिनी म्हणाल्या.

"मालिनीला मी कुठे अडवलंय? जाऊ दे की तिला. मी राहीन एकटा."

"आणि विहिरीत पडाल!" मी आतून ओरडले.

"पडलोच तर आक्का बघेल."

भावजी म्हणाले, "बघू."

*

ते दोघं भाऊबीज करून परत गेले. जाताना भावजींनी सांगितलं की रविवारी सत्तावीस तारखेला त्यांना रजा आहे, तेव्हा ते मामंजींना न्यायला येतील. "तोपर्यंत काय ते बघा," म्हणाले.

मग माझे आणि मामंजींचे वाद सुरू झाले. वाद म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी तंबाखू मळायची.

"मामंजी, फॉरेस्टच्या नाक्यावर देऊ या का तिला? तुमचे नाकेदार आहेत तिथे."

"तो दारू पितो. तिला चिलटंसुद्धा घालायचा नाही."

"मग सोडू या. जंगलातली आहे, जंगलात जाईल."

"तिचं झाड कुठे आहे? रस्ता रुंद करायला तोडलं ना ते. तोडलं तेव्हा ढोलीतून बाहेर येऊन रस्त्यात बसली होती ती. ट्रक येत होते. म्हणून तर मी डब्यात घालून आणली."

"दुसरं झाड बघा. जंगलात काय झाडांना तोटा आहे?"

"अशी कुणालाही उचलून परक्या घरी नेऊन सोडतात होय?"

"आम्हा बायकांना तर तसंच सोडतात, मामंजी," मी म्हटलं.

त्यांची तंबाखू मळायची थांबली. म्हणाले, "म्हणूनच विचारतोय." आणि उठून गेले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

त्यातून आक्काची चाकरी चालूच होती. मामंजींचे गुडघे धरलेले, त्यामुळे नाकतोडे धरायचं काम माझ्याकडे. रोज दुपारी गवतात वाकून, पदर खोचून, ओंजळी मारत मी हिंडायची. शेजारच्या सगुणाकाकी कुंपणावरून बघत असायच्या.

"काय गो शोधतंस?"

"नाकतोडे, काकी."

"कोणाक?"

"आक्काक."

"अगो, तुझो सासरो खुळावलो तो खुळावलो, तू कित्या खुळावतंस?"

मी धरलेला नाकतोडा तेवढ्यात उडून जायचा.

आणि वर आक्काबाई जेवेनात. दिवाळीच्या आधीपासूनच तिनं तोंड फिरवलं होतं. मी धरून आणलेला नाकतोडा पेटीत उड्या मारत राहायचा आणि ही ढोलीच्या तोंडाशी ढिम्म बसून. अंग काळवंडलेलं, नक्षी पुसट झालेली.

"मामंजी, ही खात नाही."

"उपास आहे तिचा."

"कसला उपास?"

"तिचा तिला माहीत. नाकतोडा काढून घे बाहेर. त्रास होतो तिला."

म्हणजे आधी आत घालायचा, मग बाहेर काढायचा. दीड वर्षात त्यांनी मला त्या प्राण्याबद्दल याच्या पलीकडे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला तिची माहिती नको होती, मला ती नको होती.

*

एकवीस तारखेचा सोमवार. मामंजी सकाळी सवयीप्रमाणे काठी टेकत फॉरेस्टच्या नाक्यावर गप्पा मारायला गेले. मी भात चुलीवर ठेवला आणि पडवी झाडायला आले. घड्याळाकडे नजर गेली.

आक्का पेटीच्या तळाशी उताणी पडली होती. आठही पाय वर.

मी केरसुणी टाकली आणि जवळ गेले. काचेवर टिचकी मारली. ती हलली नाही.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून सांगते: मला आनंद झाला. इतका की मी तशीच पायरीवर बसले आणि देवाला हात जोडले. कोल्हापूर मला समोर दिसायला लागलं. वसतिगृहाची खाट, गणवेशाचं पांढरं पातळ, वही, सायकल शिकवतात म्हणत होते ती सायकल. मग मामंजींचा चेहरा आठवला आणि लाज वाटली. पण आनंद काही हटेना.

सांडशी घेऊन आले. काचेचं दार उघडलं. सांडशी पुढे केली, तर तिचा एक पाय हलला.

पाय हलला, आणि त्या पायातून पाय बाहेर आला.

मी तशीच उभी राहिले. तिच्या अंगाला कडेनं चीर पडली होती. छातीवरचं कवच झाकणासारखं उचललं गेलं होतं, आणि आतून दुसरी कोळीण स्वतःला बाहेर काढत होती, फिकट, ओलसर. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे एकेक पाय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भात करपल्याचा वास आला तरी मी हलले नाही. शेवटी ती सगळी बाहेर आली आणि कुशीवर पडून राहिली. शेजारी तिची कात. अगदी तशीच, केसांसकट, नखांसकट. कुणी म्हणेल, दोन कोळिणी आहेत, एक जिवंत आणि एक मेलेली.

"मरायचं तर नीट मरावं की गं!" मी तिला म्हटलं. खरोखर मोठ्यानं म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. अर्धा तास माझ्या हातात माझं आयुष्य आलं होतं आणि त्या बयेनं ते परत काढून घेतलं.

तेव्हाच मला ते सुचलं.

एक जिवंत आणि एक मेलेली. मामंजींना दाखवायला मेलेली पुरेशी होती.

मी भाताचं भांडं उतरवलं. लोणच्याची रिकामी चिनी मातीची बरणी धुऊन पुसून कोरडी केली, तळाशी जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. तोवर ती जराशी सावरून बसली होती. फणसाचं पान तिच्या पोटाखाली हळूच सरकवलं. तिनं पाय उचलले नाहीत, पट्टे दाखवले नाहीत, काही नाही. मऊ होती ती. पानावरून बरणीत घसरली. बरणीच्या तोंडावर फडकं बांधलं आणि शिडी लावून बरणी माळ्यावर, सुक्या नारळांच्या मागे ठेवून दिली.

पेटीत राहिली फक्त कात. ती मी उताणी करून पाय वर केले.

मामंजी बाराला आले. मी पायरीवरच उभी होते.

"मामंजी, आक्का गेली."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, चष्मा लावला, पेटीचं दार उघडलं. दोन बोटांनी उचलून तिला तळहातावर घेतलं. तळहात जरा वर-खाली केला. मग खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

"गेली म्हणतेस."

"हो."

"तू बघितलंस जाताना?"

"हो. मी इथेच होते."

"त्रास झाला का?"

"थोडा वेळ पाय हलवत होती. मग सुटली."

"सुटली," ते म्हणाले. "बरं झालं, सुटली."

तंबाखूची डबी रिकामी करून त्यांनी तिला तिच्यात ठेवलं. अग्नी द्यायचा का, असं मी भीत भीत विचारलं. "नको. माती," म्हणाले. फणसाच्या बुंध्याशी स्वतः खड्डा खणला, गुडघे धरलेले असताना. मी मदतीला गेले तर मला बाजूला केलं. हात धुऊन आत आले, पाटावर बसले आणि करपलेल्या भाताबद्दल एक शब्दही न बोलता जेवले. शेवटी ताक पिऊन म्हणाले, "आता आक्का नाही. मिरजेला जाईन मी."

मला हुंदका आला. त्यांना वाटलं असेल आक्कासाठी.

"पण सुतक फिटल्यावर," ते पुढे म्हणाले.

"कसलं सुतक?"

"आक्काचं. दहा दिवस."

*

"मामंजी, कोळिणीचं कसलं सुतक!"

"दीड वर्ष माझ्या घरात राहिली. घरचं माणूस गेलं की दहा दिवस धरतात. सुतकात दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकत नाहीत. नलूचं घर देवाधर्माचं आहे."

"रविवारी भावजी न्यायला येणार आहेत. त्यांना पुढे रजा नाही."

"त्याला कळव, येऊ नको म्हणून."

"तीन दिवस धरा. लांबच्या नात्याचं तीन दिवसांत फिटतं."

"आक्का लांबची नव्हती."

"पाच."

"दहा."

"मामंजी, दहावा दिवस तीस तारखेला येतो! एकला बाराच्या आत मला कोल्हापुरात हजर व्हायचंय!"

"तीसला सकाळच्या एसटीनं निघू. तू मला मिरजेला पोचव, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोल्हापूर गाठ. मिरज-कोल्हापूर किती लांब आहे? मी बघितलंय वेळापत्रक."

एसटी चुकली, घाटात बंद पडली, काहीही झालं की संपलं सगळं. पण दुसरा इलाजही नव्हता. नलूवहिनींना पत्र घातलं की मामंजी तीस तारखेपर्यंत निघायला तयार नाहीत, मीच आणून सोडते. कारण लिहिलं नाही. काय लिहिणार होते, सासरे कोळिणीच्या सुतकात आहेत म्हणून?

आणि ते सुतक साधं नव्हतं. एकेक नियम निघायला लागले.

पहिल्या दिवशी, "तिच्या नावानं रोज वाटीभर पाणी ठेव."

मी पेटीपाशी वाटी ठेवली.

"खाली काय ठेवतेस? झाडावरचा जीव तो. उंचावर ठेव. माळ्यावर ठेव."

मी चटकन त्यांच्याकडे बघितलं. पण त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी शिडी लावली. एवढं मात्र झालं की वर चढायला कारण मिळालं. बरणीत डोकावून बघितलं, ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. वाटी बाहेर ठेवली आणि तिच्यातलं थोडं पाणी एका झाकणात ओतून ते बरणीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, "संध्याकाळची धुरी बंद. सुतकात धूर करत नाहीत." आमच्याकडे डास इतके की धुरीशिवाय पडवीत बसता येत नसे. मी रात्री पायांना कडू तेल चोळून झोपायला लागले.

तिसऱ्या दिवशी, "उखळात कांडू नको. घर हादरतं."

"मग भात कुठे कांडू?"

"सगुणाकडे जा."

मी सुपं डोक्यावर घेऊन सगुणाकाकींच्या अंगणात कांडायला जायला लागले. "कोण मेला गो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या मुसळ हातात धरून हसल्या, इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मालिनी, तू कोल्हापुराक जा बाय. उद्याच जा."

त्याच दुपारी मी ठरवलं होतं की मामंजी झोपले की बरणी उतरवायची आणि मागच्या रानात रिकामी करून यायची. रोज शिडी चढायची, रोज खोटं बोलायचं, मला सहन होत नव्हतं. पण मामंजी झोपले नाहीत. आरामखुर्ची ओढत आणली आणि नेमकी शिडीच्या पायथ्याशी टाकली.

"पडवीत बसा ना, मामंजी."

"इथे उजेड बरा आहे."

तिथे उजेड मुळीच नव्हता. स्वयंपाकघराच्या दारापाशी, माळ्याखाली, भर दुपारीसुद्धा अंधारच असायचा. पण तिथे बसून त्यांनी भावजींनी टाकून दिलेले दिवाळीतले पेपर परत पहिल्यापासून वाचायला घेतले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. मी चुलीपाशी चरफडत होते. दाराकडे गेले की ते चष्म्यावरून बघत. एकदा मी न राहवून म्हटलं, "आक्का गेल्यावर तुम्हाला करमत नाही, त्याचा सूड माझ्यावर का उगवता?" त्यावर म्हणाले, "जाहिराती पण वाचायच्या राहिल्यात अजून."

एकोणतीस तारखेला मी ट्रंक भरत होते. पातळं, चपला, अर्जाची नक्कल, वयाचा दाखला. मामंजी दारात येऊन उभे राहिले.

"उद्या दहावा. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान ठेवतात. उद्या सकाळी वेळ मिळायचा नाही. आजच नाकतोडा आण."

मी हातातलं पातळ ट्रंकेत आपटलं. "मेलेल्या कोळिणीला नाकतोडा!"

"तिला तेच आवडायचं."

"माझी उद्या एसटी आहे, मामंजी! माझं आयुष्य आहे त्या एसटीत! आणि मी गवतात नाकतोडे धरत हिंडू?"

"एकच आण," ते म्हणाले. "मोठासा."

आणला. काय करणार! कुंपणावर सगुणाकाकी होत्या, पण या खेपेला त्या माझ्या चेहऱ्याकडे बघून आत निघून गेल्या. माळ्यावर चढून मी फडकं बाजूला केलं, नाकतोडा बरणीत सोडला. आणि आक्का, महिनाभर उपाशी असलेली आक्का, अशी झेपावली की मी शिडीवरून पडता पडता राहिले. अंग पूर्ण गडद झालं होतं, करडी नक्षी नव्या चित्रासारखी लखलखीत.

"ठेवलंस?" खालून आवाज आला.

"ठेवलं!"

"घेतलं का?"

विचित्र प्रश्न आहे असं मनात आलं, पण त्या दहा दिवसांत मला काय विचित्र वाटलं नव्हतं!

*

तीस तारखेची सकाळ. एसटी साडेआठला. माझा बेत असा होता की बरणी कापडी पिशवीत घालून घ्यायची, फाट्यावर पोचल्यावर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून देवळामागे जायचं आणि तिला सोडून द्यायचं. दाराला कुलूप लावायच्या आधी मी शिडीपाशी गेले, तर मामंजी तिथे उभे. काळा कोट, टोपी, हातात काठी.

"उतरव बरणी," ते म्हणाले. "अजून पाऊण तास आहे. झाड मी बघून ठेवलंय."

माझे पाय शिडीच्या पहिल्याच पायरीवर थांबले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"छत्तीस वर्षं फॉरेस्टात काढली मी. मढं कुठलं आणि कात कुठली, एवढं मला कळत नाही? कांद्याच्या पापुद्र्याएवढंही वजन नव्हतं हातात."

"मग मला दहा दिवस शिडीवर कशाला नाचवलंत?"

"नवं अंग मऊ असतं. दहा दिवसांच्या आत सोडली असतीस तर मुंग्यांनी संपवली असती. तू तिसऱ्याच दिवशी निघाली होतीस."

धुरी, उखळ, पाणी, नाकतोडा, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. मला हसावं की त्यांची टोपी काढून फेकावी हे कळेना.

"अहो, मग त्याच दिवशी सांगायचं होतं! 'कात टाकलीय, मालिनी, दहा दिवसांनी सोडू, मग मिरजेला जाऊ.' एवढं तोंडातून निघालं नसतं? मी दहा रात्री झोपले नाही!"

मामंजी काठीच्या टोकानं जमीन टोकरत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नलूसमोर शब्द देऊन बसलो होतो ना. आक्का जिवंत असेपर्यंत जाणार नाही म्हणून. थोरला होता, तू होतीस, सगळ्यांदेखत. आता तो शब्द गिळायचा कसा? आठ दिवस तोच विचार करत होतो, तुझी जागा तर जायला नको. मग तू तिला मारलीस." त्यांनी टोपी नीट केली. "मी सुटलो."

मी बरणी उतरवली.

फाट्याच्या अलीकडे, नाल्याच्या अंगाला ऐनाचं जुनं झाड होतं. खांद्याएवढ्या उंचीवर ढोली. बरणी मी धरली, फडकं त्यांनी सोडलं. गवताची काडी घेऊन त्यांनी तिला मागून हलकेच डिवचलं. ती बाहेर आली, खोडावर थांबली, आणि थांबली तेव्हा दिसेनाशी झाली, इतकी ती त्या सालीसारखी होती. मग हलली तेव्हा परत दिसली, आणि ढोलीत शिरली.

"चल," मामंजी म्हणाले. "एसटी जाईल."

एसटी आली. ट्रंक मी चढवली, वळकटी मी चढवली, काढ्याची बाटली, फराळाचा डबा, मामंजींची काठी, आणि मग स्वतः मामंजींना हात देऊन वर घेतलं. ते खिडकीपाशी बसले. मी दोन्ही पायांच्या मध्ये ट्रंक धरून त्यांच्या शेजारी. समोरच्या बाकावर बेळगावकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी मामंजींचा काळा कोट, टोपी, माझी ट्रंक, सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "सकाळी सकाळी कुठं निघालात, काका?"

"सुनेला कोल्हापुरात सरकारी शिक्षणाला जागा मिळालीय," मामंजी ताठ बसून म्हणाले. "बाईमाणूस एकटी कशी जाणार? पोचवायला निघालोय."